साडूचं कपाट आणि टेलरची भिंत

…तर टेलरची बायको उशी-पांघरूण उचलून गेली, इथवर काल आलो होतो. गेली ती भांडून नव्हे बरं का. त्यांच्या निजायच्या खोलीची बाहेरची भिंत ओल धरायची, पोपडे अंथरुणात पडायचे आणि तिचा खोकला काही हटेना. भिंत सुकली की बोलवा, म्हणाली. आणि गेली कुठं? गल्लीच्या त्या टोकाला, थोरल्या बहिणीकडे. म्हणजे साडूच्या घरी! वाघाच्या गुहेत गेली असती तर टेलरला परवडलं असतं.

आमच्या टेलरचा निम्मा जन्म साडूकडे बघण्यात गेला. साडूनं नवी सायकल घेतली की याची आपोआप करकरायला लागे. त्यात साडूनं आपल्या जुन्या घराला नुकताच बाहेरून सिमेंटचा गिलावा केलेला. इतका घोटलेला, की टेलर तिकडून जाताना मान फिरवायचा, आणि कोपऱ्यावर पोचला की वळून पुन्हा बघायचा.

गवंड्यानं टेलरची भिंत ठोकून पाहिली. वीट जुनी, बांधकाम चुन्यातलं, तेव्हा गिलावाही चुन्याचाच करू म्हणाला. तुळतुळीत दिसणार नाही, सुकायला वेळ घेईल, पण आतली ओल बाहेर पडेल. टेलरला यातलं एकच ऐकू आलं, ते म्हणजे वेळ. तोवर बायको साडूच्या घरी जेवणार आणि साडूच्या भिंतीचं कौतुक करणार. छे! सिमेंटच पाहिजे, आणि साडूपेक्षा चकचकीत.

साडूनं गिलाव्याच्या मालात काय काय घातलं ते त्याच्याकडून काढून घ्यायला तो तिकडे गेला. स्वयंपाकघरात दोघी बहिणी खिदळत होत्या. आपल्या घरात ही अशी कधी हसली, ते त्याला आठवेना. त्यातच खोलीत बघतो तो नवंकोरं आरशाचं कपाट, नेमकं त्या गिलावा केलेल्या भिंतीला आतून लावलेलं. याच्या अंगाची लाही लाही झाली. पण टेलरच तो. कापड असो की कपाट, उलटी बाजू चाचपल्याशिवाय त्याला करमत नाही. हात मागे घातला, तो ओला होऊन बाहेर आला. बोटांना पोपडा चिकटलेला.

मागे दारात साडू. तोंड एवढंसं झालेलं.

"साडूभाऊ, आमच्या हिच्या कानावर घालू नका," तो हळूच म्हणाला. "ही नको नको म्हणत होती. सिमेंटचं खूळ माझंच."

टेलरला दूधवाल्याचा रेक्झिनचा कोट आठवला. यानंच शिवलेला. पावसाचा थेंब आत जाईना, पण दूधवाला घामानं आतल्या आत चिंब! साडूनं भिंतीला तोच कोट चढवला होता. आता स्वयंपाकघरात जाऊन एक वाक्य बोललं की जन्माची बाजी मारली. पण गडी उलट कुणाला न सांगायचा शब्द साडूला देऊन बसला. का, म्हणून मी खोदून खोदून विचारलं. म्हणे, आरशात दोघांची तोंडं शेजारी शेजारी दिसली, आणि कुठलं कुणाचं ते कळेना.

चुन्याचाच गिलावा झाला. बायको रोज डबा घेऊन यायची आणि ताईची भिंत कशी आरशासारखी आहे ते सांगून जायची. टेलर दातात दोरा धरून ऐकायचा. अखेर भिंत सुकली, ती घरी आली, खोकलाही थांबला.

दुसऱ्या दिवशी मी तिथं चहाला होतो. तिनं भिंतीवरून हात फिरवला. छान कोरडी झाली म्हणाली. वर म्हणते, "आता इथं ताईसारखं कपाट हवं हो. किती शोभतं तिच्याकडे!"

मशीनचं चाक थांबलं. टेलर कानापर्यंत लाल. म्हटलं, आता फुटतोय हा. त्यानं दातातला दोरा काढला आणि म्हणाला, "आणू की कपाट. पण ते समोरच्या बाजूला. ही भिंत मी जन्मात झाकणार नाही."