इस्माईलचे शिळे सलाम

आमच्या मंगरूळपीरच्या बाजारात त्या उन्हाळ्यात लहानथोर सगळे एकच सांगत होते, की इस्माईल डायवर मगरूर झाला. पानठेल्यावर तर शपथेवर सांगणारे होते. कापसाचं जिनिंग असलेल्या बबनरावांनी हिंगोलीकडच्या जागीरदाराची मोटार विकत घेतली, तेव्हा जागीरदारानं गाडीबरोबर आपली अकडही फुकटात देऊन टाकली, आणि ती नेमकी इस्माईलच्या मानेत जाऊन बसली.

"सलाम करा, राम राम करा, पाह्यतच नाई ना बापा! नाकासमोर पाह्यते. जसं काई अकोल्यापर्यंत याच्या बापाचंच राज हाये!"

यातलं नाकासमोर पाहणं तेवढं खरं होतं. बाकी सगळं झूठ. इस्माईल मगरूर नव्हता, तो लाजत होता. लाजणंही साधं नाही. नव्या नवरीनं त्याच्याकडून शिकून जावं असं.

आधी तो बबनरावांच्या जिनिंगची लॉरी चालवायचा. मागं रुईच्या गठाणी, वर धूळ, पुढं धूळ, आणि उंचावर बसलेला हा. लॉरीत कोण बसलंय हे कोणी पाहत नाही, लोक लॉरी पाहून फक्त बाजूला होतात. तिथं इस्माईल राजा होता. एकटाच गुणगुणायचा, बैलांशी बोलायचा, वळणावर लॉरीला "चल वो माय" म्हणायचा. पण बबनरावांनी लॉरी विकली आणि मोटार आणली, आणि म्हणाले, "इस्माईल, आता तू इच्यावर."

ती मोटार पाहून इस्माईल दोन पावलं मागंच सरला. ती गुलाली होती. लाल नाही, तांबडी नाही, निव्वळ गुलालाच्या रंगाची. जागीरदारानं म्हणे बेगमेच्या ओढणीला जुळवून रंग दिला होता. वरचा कापडी टप मागं दुमडला, की आत बसलेला माणूस ताटातल्या लाडवासारखा चारी बाजूंनी दिसायचा. भोंगा तर तीन आवाजी. आधी कोंबडा आरवल्यासारखा, मग म्हैस हंबरल्यासारखा, आणि शेवटी कोणीतरी म्हातारं खाकरल्यासारखा. बाजारात सगळ्यांचे आवाज काढून लोकांना हसवणारा मी, पण हा भोंगा मलाही जमेना.

त्यात पहिली इलेक्शन नुकतीच होऊन गेली होती. लोकांच्या डोळ्यांपुढून अजून गुलाल उतरला नव्हता. त्यामुळं गाडी जिथं जाईल तिथं एकच गलका.

"कोन निवडून आलं वो? कोन आलं?"

पोरं मागं धावायची. डफडेवाले घरातून डफडं घेऊन निघायचे, कारण गुलाली गाडी म्हणजे एकतर मिरवणूक, नाहीतर वरात. आणि त्या सगळ्या गोंधळाच्या मधोमध इस्माईल. दोन्ही हात चाकावर गच्च, कान गाडीच्या रंगाचे, जीभ टाळूला.

त्याला सलाम ऐकू येत नव्हता असं मुळीच नाही. प्रत्येक सलाम ऐकू यायचा. छातीतून जवाब निघायचा, घशापर्यंत यायचा, ओठांवर त्यातला "व" पोचायचा, आणि तोवर सलाम करणारा माणूस मागं धुळीत गेलेला असायचा. बाजूच्या आरशात त्याचा पडलेला चेहरा तेवढा दिसायचा.

मग इस्माईल काय करायचा? संध्याकाळी गाडी जिनिंगमध्ये उभी करून, तोंड धुऊन, टोपी नीट करून पायी बाजारात यायचा. ज्याचा ज्याचा सलाम राहिला असेल, त्याच्या दारात जाऊन उभा राहायचा.

"चाचा, सकाळी तुमी सलाम केल्ता. व अलैकुम अस्सलाम."

आता सकाळच्या सलामाचा जवाब दिवे लागायच्या वेळी कोणाला पचतो? कोणी हसायचं, कोणी म्हणायचं हा वरून चिडवून राह्यला. वहाबचाचानं तर सरळ तोंडावर सांगितलं. वहाबचाचा म्हणजे भांड्यांना कलई करणारे. पितळेचं भांडं आतून चांदीसारखं करून द्यायचे, पण स्वतः नखशिखांत काळे, आणि बोलणं तापलेल्या भट्टीसारखं.

"काहून रे, मले शिळी भाकर देऊन राह्यला का? सलाम ताजा असते. हा तू रातच्या जेवनाले ठेव."

इस्माईल मान खाली घालून परतला. दुसऱ्या कोणी म्हटलं असतं तर त्यानं गिळलं असतं. पण अख्तरी वहाबचाचांची मुलगी होती, आणि इस्माईलच्या आईनं, जुबेदाबीनं, नेमका त्याच आठवड्यात अख्तरीसाठी शब्द टाकायचं ठरवलं होतं.

जुबेदाबी बत्ताशे घेऊन गेली आणि बत्ताशे घेऊनच परत आली.

"काय म्हनले?" इस्माईलनं विचारलं.

"म्हनले, भाभी, तुमी लय चांगल्या. पन ज्याले सलामाचा जवाब देता येत नाई, तो उद्या माह्या पोट्टीच्या बोलन्याचा जवाब काय देईन? भिंतीशी बोलन का ते?"

इस्माईलनं पाण्याचा लोटा उचलला, खाली ठेवला, परत उचलला.

"मी अकोल्याले जातो अम्मी. तिथं लॉरी भेटून जाईन."

"अन् अख्तरी भेटन का लॉरीत?" जुबेदाबी म्हणाली, आणि बत्ताशे डब्यात ओतले. त्यांचा खडखडाट इस्माईलला फार वेळ ऐकू येत राहिला.

तरी त्यानं ठरवलं. रामनवमीची पोहरादेवीची जत्रा झाली, की नोकरी सोडायची. जत्रेला बबनरावांच्या आईला, गोमतीबाईंना, न्यायचं होतं. तेवढं शेवटचं.

जत्रेच्या दिवशी गोमतीबाई नारळ, खण, डबा आणि पंखा घेऊन मागच्या सीटवर पसरल्या.

"टप लावतो माय," इस्माईल म्हणाला. "ऊन लागन."

"काहून? माह्या पोरानं गाडी घेतली ते का गाठोड्यात बसाले? उघडा ठेव. अन् बाजारातून घे. मागच्या बोळातून घेशीन तं पाह्य."

इस्माईलनं "बिस्मिल्ला" म्हटलं आणि बाजारातून घेतली. मोटारस्टँडवर येतात तो गोमतीबाईंनी पंख्याच्या दांड्यानं त्याच्या खांद्यावर टोचलं.

"थांब थांब. थो वहाब नाई का?"

वहाबचाचाच होते. दर साली ते जत्रेत कलईचं दुकान मांडायचे. हजारोंचा स्वयंपाक, मोठमोठी भांडी, कामाला तोटा नाही. पण जत्रेची सर्व्हिस गाडी टपापर्यंत भरून निघून गेली होती, आणि चाचा भाता, कोळशाचं पोतं आणि चिमटे घेऊन रस्त्याकडे बघत बसले होते.

"वहाब, बस समोर," गोमतीबाई म्हणाल्या.

"नाई माय, माह्ये कपडे काये हायत. गाडी खराब होईन."

"मंग आमी धुऊ. बस म्हनतो ना!"

गोमतीबाईंपुढं बबनरावांचं चालत नव्हतं, वहाबचाचाचं काय चालणार! पोतं मागं गेलं. चाचा इस्माईलच्या शेजारी बसले, भाता मांडीवर घेऊन, तोंड दुसरीकडे करून. इस्माईलला वाटलं, एवढ्यात गाडी नाल्यात घालावी आणि सगळ्यांना सोडवावं.

गाव सुटलं. पहिलं खेडं लागलं, आणि झालं सुरू.

"कोन आलं निवडून? कोन आलं?"

"अवो, हा तं आपला कलईवाला!"

"काय म्हनते! कलईवाला निवडून आला?"

"मंग! गाडी नाई दिसत का तुले?"

त्या वाटेवरच्या घराघरातली भांडी वहाबचाचांच्या हातून गेलेली. सगळे ओळखीचे. कुठून "सलाम वहाबचाचा!" कुठून "राम राम वहाबभाऊ!" विहिरीवरच्या बाया घागर खाली ठेवून हात हलवायला लागल्या.

आणि वहाबचाचा? इस्माईलनं डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. चाचा नाकासमोर पाहत होते. मान ताठ. भाता पोराला उराशी धरावा तसा धरलेला. चपलेतले पायाचे अंगठे आत वळलेले. काळ्या चेहऱ्यातले कान तेवढे लालबुंद. दाढी थरथरत होती, पण तोंडातून अक्षर नाही.

आधी इस्माईलला आतून हसू फुटलं. असं फुटलं, की गाडी जराशी हललीही. पण लगेच विरलं. या दुखण्याची त्याला पायाच्या नखापर्यंत ओळख होती.

पुढच्या तांड्याच्या तोंडाशी प्रेमसिंग उभा होता. चाचांचं जुनं गिऱ्हाईक. गाडीत चाचा दिसताच तो बांधावरून उड्या टाकत रस्त्यावर आला. दोन्ही हात वर.

"वहाबभाऊ! ए वहाबभाऊ! राम राम!"

चाचा दगड. गाडी पुढं सरकली. आरशात इस्माईलला प्रेमसिंगचे हात हळूहळू खाली येताना दिसले, आणि त्याचा चेहरा पडायला लागलेला दिसला. हा चेहरा इस्माईल रोज पाहत होता. माणसं वेगळी, चेहरा तोच.

त्याचा पाय ब्रेकवर गेला, उजवा हात चाकावरून सुटला आणि थेट वर गेला.

"राम राम प्रेमसिंगभाऊ!" आवाज असा फाटला, की भोंग्याचा कोंबडा बरा. "चाचा जत्रेत हायत! भांडे घेऊन या!"

प्रेमसिंगचा चेहरा जागच्या जागी उजळला. "आनतो ना! आनतो!"

इस्माईल स्वतःच दचकला. मागं गोमतीबाईंचा पंखा थांबला. पण पुढचा सलाम येतच होता. स्वतःसाठी तोंड उघडायचं म्हटलं की जीभ टाळूला चिकटायची. हे तर चाचांसाठी होतं. तसं ते सुटत गेलं. "व अलैकुम अस्सलाम, मामू! चाचांकडून!" "राम राम माय, चाचांचाही घ्या!" वाटेतल्या मानोरा गावापर्यंत हात मोकळा झाला, आणि त्याच्या पुढं तर कोणाचे चाचांचे आणि कोणाचे स्वतःचे हेही सांगायचं त्यानं सोडून दिलं.

पोहरादेवीला पोचले तर तिथं वेगळीच तऱ्हा. एका तांड्याचे नाईक देवला नगारा घेऊन आलेले. गुलाली गाडी दिसताच त्यांनी नगाऱ्यावर टिपरी घातली, आणि काही कळायच्या आत झेंडूचा हार वहाबचाचांच्या गळ्यात!

"साहेब," देवला नाईक हात जोडून म्हणाले, "आमच्या तांड्याले हीर पाह्यजे. उन्हाळ्यात पान्यासाठी बायकाचे लय हाल होतेत."

चाचांनी इस्माईलकडे पाहिलं. असं पाहिलं, जसा बुडणारा माणूस काठाकडे पाहतो.

"साहेब नाईत ते नाईक," इस्माईल म्हणाला. "कलईवाले हायत. हीर नाई होनार त्यायच्यानं. भांडे आना."

देवला नाईक मग इतके हसले, की पागोटं सावरावं लागलं.

"मंग हार राहू द्या गयात. भांडे आनतो!"

आणि खरंच आणली. त्यांनी आणली ती पाहून शेजारच्यांनी आणली. हार घातलेला कलईवाला बघायलाच निम्मी जत्रा लोटली. चाचांनी हार काढला नाही. भट्टीच्या आचेनं फुलं सुकली तरी नाही.

परतताना चाचा गळ्यातला सुकलेला हार बोटांनी चाचपत होते.

"इस्माईल."

"जी चाचा."

"येताना मी एकाचाही जवाब नाई देल्ला रे. हात उचलतच नाई. जसं कोनी झाळ लावून जोडून टाकला." ते इस्माईलकडे वळले. "तुले रोज असंच होते?"

"रोज."

"मंग बेट्या, आधी काहून नाई सांगतलं?"

"कसं सांगू? दिवसा भेटता तवा मी गाडीत राह्यतो. अन् संध्याकाळी आलो, तं तुमी शिळी भाकर म्हनले."

मागून गोमतीबाईंनी पंख्याचा दांडा पुढं केला, या वेळी वहाबचाचांच्या खांद्यावर. "ते भाकर जाऊ दे. पोट्टीचं काय ते सांग."

वहाबचाचांनी दाढी खाजवली. "पोट्टीनं तं मले तवाच सांगतलं होतं माय. पडद्यामागून पाहे ना ते याले, टोपी नीट करून दारात उभा राहे तवा. म्हने, अब्बा, जो मानूस राह्यलेल्या सलामासाठी पायी परत येते, तो घरून भांडून गेला तरी परतच येईन."

इस्माईलनं भोंगा दाबला. कोंबडा, म्हैस, म्हातारं, तिन्ही. रस्त्यावर कोणीही नव्हतं.

निकाह रमजानच्या आधी ठरला. बबनरावांनी वरातीला गाडी दिली, पण मंगरूळात ती चालवता येणारा माणूस एकच, आणि तोच नवरदेव. मी इस्माईलला म्हटलं, "जत्रेत दुसऱ्याच्या नावानं बोलला तू. लग्नात समदे तुलेच पाह्यतीन. तू सेहऱ्यात तोंड झाकशीन अन् मागच्या बोळातून येशीन. लाव पैज." पैज लागली. मी जिंकलो तर तीन आवाजी भोंगा दिवसभर माझा. तो जिंकला तर एक अख्खा बाजाराचा दिवस मी कोणाचाही आवाज काढायचा नाही.

भर दुपारी इस्माईल बाजारातूनच आला. टप मागं. फुलांच्या सेहऱ्यातून रस्ता दिसेना, म्हणून तो उचलून कानामागं खोचलेला, तोंड उघडं, कान गाडीच्या रंगाचे, आणि उजवा हात वर. "व अलैकुम अस्सलाम! राम राम! राम राम भाऊ!" माझ्यासमोर तर गाडी थांबवून मला सलाम केला, आणि हसत बसला.

पुढच्या बाजाराला रिठदचा एक कांदेवाला आला होता. त्याला प्रत्येक भावाच्या मध्ये शिंक येत होती. समोर गोमतीबाई उभ्या राहून त्याची शिंकही भावातून कापून घेत होत्या. सगळा बाजार माझ्याकडे बघत होता, आणि मी दोन्ही ओठ दातांखाली धरून उभा होतो.