नांदगाव आजीची चिंगी

माझ्या बारीकसारीक लबाड्या आमच्या ह्यांना सगळ्या ठाऊक आहेत. पण ही एक त्यांनाही ठाऊक नाही. मुलाला नाही, सुनेला तर नाहीच नाही. तुम्हाला सांगते आहे, ते तुम्ही उद्या आमच्या ओट्यावर चहाला येऊन बसणार नाही म्हणून.

कुठून सुरुवात करू? — खेळापासूनच करते. हसू नका. साठी उलटलेली बाई मोबाइलवरच्या खेळापायी असं काही करेल असं मला कुणी सांगितलं असतं, तर मीही पदर तोंडाला लावून हसले असते.

आम्ही नाशिकला, मखमलाबादच्या बाजूला राहतो. थोडी जमीन आहे, गुलाब आणि शेवंती लावतो, हे पहाटे फुलं घेऊन बाजारात जातात. मुलगा सातपूरला कंपनीत आहे. सून रूपाली एका लॅबमध्ये रक्त तपासते. ती कामावर जायला लागली तेव्हापासून सई, माझी नात, माझ्याच मांडीवर वाढली. तिची वेणी मी घालते, डबा मी भरते, ताप आला की उशाशी मी बसते. हे का सांगते आहे मी? — हक्क सांगते आहे. बघा, अजूनही जात नाही ते.

रूपालीची आई म्हणजे माझ्या विहीणबाई, मंगलाताई. नांदगावला स्टेशनच्या मागे दोन खोल्यांत एकट्या राहतात. यजमान रेल्वेत होते, ते गेले. रूपाली ही एकुलती एक. बाई गोऱ्या, गोल, सदा हसऱ्या. अंगावर नेहमी भडक रंगाची साडी. मला त्या आवडत नव्हत्या असं नाही. वर्षातून दोनदा येत होत्या तोवर चांगल्या आवडत होत्या.

सई तिसरीत होती त्या दिवाळीत त्या आमच्याकडे आल्या. सईच्या डोक्यात तेव्हा तो खेळ शिरलेला. डोंगर, तळी, गवताळ माळ असं मोठं मोकळं जग. त्यात वाटेल तिकडे हिंडायचं, तऱ्हेतऱ्हेचे प्राणी हेरायचे, पकडायचे आणि पाळायचे. सईनं जाहीर केलं की दोन्ही आज्यांनी खेळायला शिकायचं. फराळाची ताटं बाजूला सारून तिनं आम्हाला दिवाणावर शेजारी शेजारी बसवलं आणि एकेक फोन हातात दिला.

सुरुवातीला एका तंबूपुढे तीन प्राणी उभे असतात, त्यातला एक आपला म्हणून निवडायचा. एकदा घेतला की बदलता येत नाही. मंगलाताईंनी लांब कानांचं, आखूड पायांचं एक लठ्ठ ध्यान निवडलं आणि त्याला नाव दिलं चिंगी. मग डाव्या अंगठ्यानं चालायचं, उजव्यानं इकडंतिकडं बघायचं. माझी खेळातली बाई चालायच्या ऐवजी सारखी आभाळाकडेच बघायची. आभाळ सुटलं तर सरळ नदीत. सई खदखदून हसली. मंगलाताईंची बाईसुद्धा नदीतच पडत होती, पण त्या स्वतःच आधी हसायच्या आणि म्हणायच्या, “सई, काढ गं मला.” मला ते जमलं नाही. मी फोन खाली ठेवला. म्हटलं, डोळे फोडून घ्यायची कामं आहेत ही, आणि करंज्या तळायला आत गेले.

तळताना बाहेरचं हसणं ऐकू येत होतं. दोन करंज्या करपल्या.

दिवाळी संपली, त्या नांदगावला गेल्या. मला वाटलं, खेळही गेला. कसला जातोय? हा खेळ लांब राहूनही एकत्र खेळता येतो, हे मला कुठं माहीत होतं? रोज संध्याकाळी देवापुढे दिवा लावला की सई झोपाळ्यावर फोन घेऊन बसायची. तिकडून नांदगाव आजी हजर. दोघींनी एका तळ्याकाठी तंबू ठोकला होता, त्याला आमचं घर म्हणायच्या.

आमचं घर! मी इथं पोळ्या लाटते आहे आणि हिचं घर तळ्याकाठी.

मला जळायला काय कारण होतं, तुम्हीच सांगा. पोरगी दिवसभर माझ्याजवळ. त्या बाईच्या वाट्याला एक तास, तोही फोनमधला. तरी जळत होते. सई “नांदगाव आजी” म्हणायची तो सूरच वेगळा असायचा. मला नुसती “आजी” — पाणी दे, मोजे कुठायत, भूक लागली.

एकदा पोळ्या करता करता मी कान दिला. खेळ थोडाच चालला होता, गप्पाच जास्त. दोघी तळ्याकाठी बसल्या होत्या आणि सई सांगत होती, की शाळेच्या व्हॅनमधली एक मुलगी तिला शेजारी बसू देत नाही, तिचं दप्तर पायाखाली घेते. मंगलाताई काहीच उपदेश करत नव्हत्या. नुसतं “मग?” म्हणायच्या. थोड्या वेळानं पुन्हा “मग गं?”

त्या व्हॅनमध्ये रोज सकाळी सईला मी बसवत होते. दप्तर मीच आत ठेवत होते. आणि हे मला पोळपाटावरून, चोरून ऐकून कळावं? सईला विचारलं, व्हॅनमध्ये सगळं ठीक ना? “हो,” म्हणाली आणि पळाली.

मग मी काय केलं — तर शिकायचं ठरवलं. ह्यात खोट काही नव्हती, एवढं मात्र खरं. सई शाळेत, रूपाली कामावर. दुपारी दार लोटून मी माझ्या फोनवर तो खेळ घेतला. माझा प्राणी निवडला, सगळ्या अंगावर केस सुटलेला, बकरीसारखा. त्याचं नाव झिपरी. आठवडाभर आभाळच बघितलं. मग हळूहळू अंगठे सरळ झाले. सई मंगलाताईंना सांगायची ते माझ्या कानावर होतंच, की पळायचं नाही, पळालं की प्राणी बिचकतो. गवतात दबून मागनं जायचं, पुढ्यात फळ टाकायचं आणि तो खायला लागला की जाळं. माझी जाळी सगळी दगडांवर पडायची.

आणि एका दुपारी पडलं की हो बरोबर! पिवळ्या शेपटीचं, मुठीएवढं एक पाखरू. माझी अशी छाती भरून आली — खोटं नाही सांगत, पहिल्या वेचणीच्या शेवंतीला यायची तशी. कधी एकदा सईला दाखवते असं झालं. दिवे लागले तशी फोन पदराखाली घेऊन मी झोपाळ्याजवळ जाऊन उभी राहिले. सई नांदगाव आजीशी बोलत होती, हसत होती. मी म्हटलं, “सई, गंमत दाखवू?” तिनं माझ्याकडे न बघता हात वर केला. थांब.

मी थांबले. बराच वेळ थांबले. मग आत गेले आणि फोन डाळीच्या डब्यामागे ठेवून दिला.

लेकरू होतं ते, खेळात रंगलं होतं. तिला काय माहीत माझ्या पदराखाली काय आहे? हे मला त्या वेळीही कळत होतं. म्हणजे न कळून केलं असं म्हणायलाही मला जागा नाही.

दुसऱ्या दिवशी सगळे गेल्यावर मी मंगलाताईंना फोन लावला. संक्रांत तोंडावर आली होती. तिळगुळाचं बोलले, थंडीचं बोलले. आणि मग अगदी सहज, आवाजात साखर घालून म्हटलं, “ताई, एक सांगू का? राग मानू नका. सईला आता कंटाळा येतो हो त्या खेळाचा. तुमचं मन मोडू नये म्हणून बसते बिचारी.”

असं सई कधीही म्हणाली नव्हती. असं तिच्या मनातही नव्हतं. ती शाळेतून आल्यापासून घड्याळ बघायची, दिवा लावायची घाई मलाच करायची.

मंगलाताई म्हणाल्या, “बरं झालं सांगितलंत. मला मेलीला लय चटक लागली होती. लेकरू कशाला बोलंल तोंडानं?” आणि मलाच विचारलं, की तिला वाईट वाटू न देता कसं थांबवू? मी म्हटलं, तुम्ही बघा.

त्यांनी बघितलं. त्याच संध्याकाळी सईला सांगितलं की त्यांचे डोळे दुखतात, स्क्रीन बघायला डॉक्टरांनी मना केलंय. माझ्या खोट्यावर त्या बाईनं स्वतःचं खोटं पांघरलं, तेही पोरीला ओझं होऊ नये म्हणून. मी ते पोळपाटावरूनच ऐकलं. पोळी लाटत राहिले.

तिथंही सगळं आवरता आलं असतं. एक फोन, दोन वाक्यं. पण मी गप्प. रूपाली आईच्या डोळ्यांची काळजी करायला लागली, इकडे नाशिकला ये, चांगल्या डॉक्टरांना दाखवू म्हणून फोनवर चिडली. मंगलाताई थेंब घालतेय, थेंब घालतेय म्हणून टाळत राहिल्या. मी समोर बसून मेथी निवडत होते.

आणि सई? गाजरांनी डोळे सुधारतात असं तिनं शाळेत ऐकलं होतं. आजोबांच्या मागं लागून तिनं बाजारातून पिशवीभर गाजरं आणवली. रूपाली रविवारी नांदगावला जायची होती, तिच्याबरोबर द्यायला. ती गाजरं मी धुतली. पुसून, कागदात गुंडाळून पिशवीत मीच भरली. सईनं विचारलं, “होतील ना गं बरे नांदगाव आजीचे डोळे?” मी म्हटलं, होतील की. न होऊन काय करतील?

मग महिन्याभरानं मला हवं होतं ते झालं. सई झोपाळ्यावर एकटी बसलेली, मी माझा फोन काढला, पिवळ्या शेपटीचं पाखरू दाखवलं. तिचे डोळे मोठे झाले. “आजी, तू?” म्हणाली आणि मला जवळ ओढून बसवलं. त्या एका क्षणासाठी मी काय काय केलं होतं बघा. तो क्षण गोड नव्हता असं सांगितलं, तर ते आणखी एक खोटं होईल. गोड होता.

तेव्हापासून दिवा लावला की मी आणि सई खेळतो. सई आता पाचवीत आहे, पण हा खेळ काही सोडत नाही. मी घोड्यासारख्या प्राण्यावर बसून डोंगर चढते, नदीत पडत नाही. दमलो की तळ्याकाठच्या तंबूपाशी येऊन बसतो. मी वाट बघते. म्हणते, काय गं, शाळेत काय झालं? “काही नाही,” म्हणते सई. मी त्यांच्यासारखं “मग?” म्हणून बघितलं. मग काहीच नाही. दोघी तळ्याकडे बघत बसतो आणि ती म्हणते, चल आजी, पुढच्या डोंगरावर जाऊ.

त्या तंबूजवळ चिंगी झोपलेली असते. खेळणारं माणूस आलं नाही की त्याचा प्राणी असा तळावर अंगाचं मुटकुळं करून पडून राहतो, तशी त्या खेळाची रीतच आहे. दुसऱ्या कुणी खायला घातलं तर उठतो, खातो, इकडंतिकडं बघतो आणि परत झोपतो. खायला मिळालं नाही तर हळूहळू रंग विटत जातो. सईनं चिंगीला एकही दिवस उपाशी ठेवलं नाही. परीक्षा असली तरी तेवढ्यापुरता फोन मागून घ्यायची. आजीचे डोळे बरे झाले की तिला चिंगी तशीच्या तशी मिळायला हवी, म्हणायची.

गेल्या वैशाखात आम्ही वरचा मजला बांधला. वास्तुशांतीला मंगलाताई आल्या. थकल्यासारख्या वाटल्या, साडी मात्र नेहमीसारखीच, पोपटी. सईनं धावत जाऊन त्यांना मिठी मारली आणि डोळ्यांत बघून विचारलं, अजून दुखतात? त्या म्हणाल्या, “थोडे गं.” सई मुकाट्यानं मैत्रिणींत निघून गेली.

पंगती उठल्यावर आम्ही दोघी नव्या जिन्यावर विडा खात बसलो. त्यांनी माझा हात हातात घेतला. म्हणाल्या, तुम्ही त्या वेळी स्पष्ट सांगितलंत ते फार बरं केलंत, दुसरं कुणी सांगितलं नसतं. पोरीच्या डोक्यावर मी किती दिवस बसले असते कुणाला ठाऊक. माझ्या हातावर त्यांचा हात होता आणि मी तो तसाच राहू दिला.

मग थोडं लाजून, आवाज खाली करून त्यांनी विचारलं, “ताई, ती माझी चिंगी असंल का हो अजून तिथं? का पुसून जातं ते सगळं?”

वास्तुशांतीच्या गडबडीत सईला फोन हातात घ्यायला फुरसत नव्हती. म्हणून तिनं चिंगीचं खाणं माझ्याकडे सोपवलं होतं. त्या दिवशी सकाळी, होम सुरू व्हायच्या आधी, मी चिंगीला फळ टाकलं होतं. ती उठली होती, कान हलवले होते, खाल्लं होतं.

मी म्हटलं, “मला नाही हो कळत त्यातलं काही.”