हिरव्या कपड्यावरचा अंगारा

"हात खंय लागलो?" आमच्या डिचोलीच्या डॉक्टरीणबाई नमस्काराऐवजी हेच विचारत. त्यांच्या छोट्या हॉस्पिटलात तुम्ही कधी गेला असाल, तर तुमचेही हात आपोआप पाठीमागे गेले असतील.

माझे गेले नाहीत. मेव्हण्याचं हर्नियाचं ऑपरेशन होतं. स्ट्रेचरमागून मी थेट आत शिरलो, तेही देवळात जावं तसं चपला बाहेर काढून. देवीच्या अंगाऱ्याची पुडी ठेवायला स्वच्छ जागा शोधली. हिरव्या कपड्यावर हत्यारं मांडली होती. त्याहून स्वच्छ काय असणार? ठेवली.

बाईंनी पुडीकडे पाहिलं, मग माझ्या अनवाणी पायांकडे. "आज जावचें ना. सगळें परत वाफेंत घालचें पडटलें. फाल्यां येयात." ऑपरेशन उद्यावर गेलं.

मेव्हणा टेबलावर उठून बसला. बांद्याकडचा माणूस, खाणीवर ट्रक चालवणारा, शिरगावच्या जत्रेत व्रत धरून निखाऱ्यांवरून जाणारा देवीचा भक्त, म्हणजे धोंड. "देवीचो अंगारो तुमका घाण दिसता?"

"व्रतांत आसतना तूं कोणाच्याय हातचें जेवता?"

"नाय."

"मागीर? हांव सदांच व्रतांत." मग समजुतीनं, मराठीत : "अंगाला लागेल ते हत्यार धुतलं तरी चालतं. घशात जाईल ते औषधात नीट भिजवावं लागतं. पोटात जाईल त्यावर मात्र एकही जंतू जिवंत राहता कामा नये. अंगारा कपाळाला लाव बाबा, माझ्या सुरीला नको."

सोवळ्याच्या या पायऱ्या धोंडाला तरी पटायला हव्या होत्या. तो रागानं दुसऱ्या हॉस्पिटलात गेला. तिथले डॉक्टर हसतमुख. अंगारा त्यांनी स्वतःच्याही कपाळाला लावला. पेशंटांची रांग, हत्यारं औषधात बुचकळायची की लगेच पुढच्याला. आठवड्यात मेव्हण्याच्या जखमेतून पू यायला लागला.

परत आणला तो बाईंकडेच. त्यांनी भरून येईपर्यंत रोज जखम उघडून धुतली. पुढं तो जत्रेत निखाऱ्यांवरून चालला आणि बाजारभर सांगत फिरला, "देवीचो अंगारो भायर टाकलो तिना." पू कोणी काढला, ते सांगायचं राहून गेलं.

लोकांना तेवढं पुरलं. बाईंकडची ऑपरेशनं आटली, मग नर्स गेल्या, शेवटी खाटा टेंपोत चढवून बाईही कारवारला मुलीकडे गेल्या.

परवा मेव्हणा जेवायला आला होता. त्या हसतमुख डॉक्टरांचं कौतुक चाललं होतं. "माणूस कसो, देवमाणूस." मी आपला माशाच्या हुमणात भात कालवत बसलो.

तो गेल्यावर ताटं उचलता उचलता बायको म्हणाली, "माझ्या भावाक गोड बोलणारो व्हयो. पू काढणारी होती, तिका आपण गावाभायर काढली."