काळोखे मामांचा सेफ्टी स्टॉक

आमच्या स्टोअरमध्ये दर महिन्याला मालाची मोजदाद होते, किश्शांची मात्र कोणी करत नाही. ते आपले साठत राहतात, आणि जेवणाच्या सुट्टीत डबे उघडले की एकेक बाहेर पडतो. मी चाकणच्या एका कंपनीत प्लॅनिंग बघते. गाड्यांच्या दारांना आतून लागणारी पॅनेल आम्ही बनवतो. आणि खरं सांगू का, यातले निम्म्याहून जास्त किस्से एकाच माणसाचे आहेत. ते म्हणजे आमचे स्टोअर इन्चार्ज काळोखे मामा.

आमचा प्लांट ज्या जागेवर उभा आहे ती पूर्वी मामांच्या घरची शेती होती. स्टोअरमधल्या प्रत्येक रॅकला नंबर आहे, पण मामांच्या डोक्यात जुनाच नकाशा. नवीन आलेल्या इंजिनिअरने एकदा स्क्रूचं खोकं कुठे आहे विचारलं. मामा म्हणाले, "विहिरीपाशी बघा." बिचारा अर्धा तास कंपाउंडभर विहीर शोधत फिरला. परत आला तेव्हा मामांनी त्याला सात नंबरच्या रॅकपाशी नेऊन उभं केलं आणि खालच्या फरशीकडे बोट दाखवलं.

* * *

फिफो म्हणजे जो माल आधी आला तो आधी वापरायचा. त्यासाठी मामांनी स्वतःची पद्धत बसवली होती. मामींच्या जुन्या साड्यांच्या पट्ट्या करायच्या, दर महिन्याला वेगळा रंग, आणि आलेल्या प्रत्येक खोक्याला बांधायच्या. लांबून नजर टाकली तरी कुठला माल जुना ते कळायचं.

एकदा कस्टमरचे ऑडिटर आले. मेची खोकी हिरवी, जुलैची पिवळी, आणि मधल्या जूनच्या खोक्यांना काहीच नाही! त्यांनी पेन उघडून कारण विचारलं.

मामा शांतपणे म्हणाले, "जून जांभळा हाय. पण ती साडी अजून नेसती ती."

ऑडिटरनी हे रिपोर्टमध्ये कसं लिहिलं, ते आम्हाला आजतागायत कळलेलं नाही.

* * *

लीड टाइम म्हणजे ऑर्डर दिल्यापासून माल हातात पडेपर्यंतचा वेळ. पुस्तकात तो दिवसांत मोजतात, आमच्याकडे तो सप्लायरच्या तोंडावर अवलंबून असतो. पॅनेल दाराला बसवायच्या पत्र्याच्या क्लिपा आम्हाला भोसरीहून मोशीमार्गे येतात. कधीही फोन करा, उत्तर ठरलेलं: गाडी निघाली मॅडम, मोशी ओलांडली.

एके दिवशी मी फोन स्पीकरवर टाकला होता आणि मामा शेजारून चालले होते. ते थांबले, वाकले, फोनला कान लावला. सप्लायरच्या आवाजामागे धाड धाड चाललं होतं.

मामांनी विचारलं, "दादा, मोशीच्या रस्त्यावर प्रेस मशीन कधी बसवली?"

त्यानंतर पाचच मिनिटांत गाडी खरोखरच निघाली.

* * *

मग हेड ऑफिसने ठरवलं की सगळ्या स्टोअर इन्चार्जनी सप्लाय चेनची लेखी परीक्षा द्यायची. आधी तीन दिवस ट्रेनिंग, चौथ्या दिवशी पेपर. शंभरात पन्नास मिळाले तर पास. नापास झाला त्याला सिक्युरिटी गेटवर रजिस्टर लिहायला बसवणार.

मामा दहावीपर्यंत शिकलेले. त्या दिवशी त्यांनी डबा उघडलाच नाही.

"ताई, पेपराला न्हाई भीत मी. पण आमच्याच बांधावर बसून आत येणाऱ्यांची नावं लिहायची का?"

माझे वडील पिंपरीत फिटर होते. कंपनी बंद पडल्यावर त्यांनी काही वर्षं वाकडच्या एका सोसायटीच्या गेटवर वही सांभाळली. त्या वहीबद्दल ते घरी कधीच बोलत नसत, त्यामुळे मामा काय म्हणतायत ते मला बरोबर कळलं. त्या दिवसापासून सुट्टीत मी त्यांना शिकवू लागले. बॉटलनेक म्हणजे सगळा माल जिथे तुंबतो ती अरुंद जागा, हे सांगायला मी बाटली काढली, तर म्हणाले, "राहू द्या की ताई. आपला तळेगाव चौक."

ट्रेनिंगला पुण्याहून पाटणकर सर आले. शिस्तीचे एकदम कडक. टेबल बुटकं असल्यामुळे प्रोजेक्टरचं चित्र पुढच्या लोकांच्या डोक्यांवर पडत होतं. मामा उठले, दोन खोकी आणून टेबलावर रचली, वर जांभळ्या साडीचा तुकडा पसरला आणि त्यावर प्रोजेक्टर ठेवला. सर खूश! मामींनी शेवटी ती साडी सोडली वाटतं, असं मी मनात म्हटलं.

त्याच आठवड्यात प्लांट हेडनी फर्मान काढलं की सेफ्टी स्टॉक म्हणून, म्हणजे अडीअडचणीला असावा म्हणून, लपवून ठेवलेला माल बाहेर काढा. ऑपरेटरांच्या लॉकरमधून क्लिपा निघाल्या, सुपरवायझरच्या हेल्मेटमधून निघाल्या, माझ्या ड्रॉवरमध्येही मूठभर सापडल्या. मामांकडे मात्र एकही नाही. त्यांची झडती तर दोनदा झाली.

* * *

परीक्षेचा दिवस. पेपर सुरू होऊन अर्धा तास झाला असेल, तोच लाइनवरून निरोप आला की क्लिपा वीस मिनिटांच्याच उरल्यात. या वेळी सप्लायर खरं बोलत होता. गाडी तळेगाव चौकात अडकली होती, त्याने फोटोच पाठवला. आमची लाइन थांबली की कस्टमरची थांबणार.

मी ट्रेनिंग रूममध्ये धावत गेले आणि मामांच्या कानात सांगितलं. त्यांचा निम्मा पेपर अजून व्हायचा होता. त्यांनी प्रोजेक्टरने भिंतीवर पाडलेल्या घड्याळाकडे पाहिलं.

पाटणकर सर म्हणाले, "काळोखे, उठलात तर पेपर परत मिळणार नाही."

"व्हय सर," मामा म्हणाले, आणि त्यांनी पेन ठेवलं.

मग ते टेबलापाशी गेले. प्रोजेक्टर दोन्ही हातांनी अलगद उचलून जमिनीवर ठेवला, जांभळा कपडा काढून घडी घातली, आणि दोन्ही खोकी खांद्यावर टाकून लाइनकडे निघून गेले. भिंतीवरचं घड्याळाचं चित्र घसरून टेबलाच्या पायावर पडलं. सर कितीतरी वेळ त्या टेबलाच्या पायाकडेच बघत बसले होते. लाइन थांबली नाही.

आठवड्याने निकाल लागला. काळोखे मामा, बावन्न मार्क, पास! माझा विश्वासच बसेना, म्हणून मी त्यांचा पेपर मागून घेतला. सहावा प्रश्न होता, "सेफ्टी स्टॉक म्हणजे काय? उदाहरण द्या." खालची जागा पूर्ण कोरी होती. तिथे पाटणकर सरांनी लाल पेनाने लिहिलं होतं, "उदाहरण पाहिले. दहापैकी दहा."