यंत्राला नाही म्हणताना

मिस्त्रींनी एकतीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या. चौदाव्या मजल्यावर अंधारात लोंबकळत दोर तपासले. पण कुठल्या यंत्रापुढे त्यांचे हात असे गार पडले नव्हते.

परक्या देशातला त्यांचा हा दुसराच दिवस. लेकीला इथल्या रुग्णालयात दोन वर्षांचं प्रशिक्षण मिळालं होतं आणि मोठ्या खटपटीने एक खोलीही. घरमालकीण एक घाव दोन तुकडे करणारी. अनामत सहाशे, रोख, इथल्याच नोटांत, एक वाजेपर्यंत. नाहीतर बॅग घेऊन जिन्यात बसलेली दुसरी मुलगी होतीच. लेक दार अडवून उभी राहिली आणि मिस्त्री पैसे आणायला धावले.

कोपऱ्यावरच्या नोटा बदलून देणाऱ्या दुकानावर 'कमिशन नाही' अशी ठळक पाटी होती. दर पाहून मिस्त्री मनात म्हणाले, कमिशन कशाला घेशील, सरळ खिसाच कापतोस की. खात्यात जेमतेम गरजेपुरते पैसे होते. तिथे कार्डावर नोटा घेतल्या तर या दराने साठ-सत्तर कमी पडले असते. म्हणून ते शेजारच्या एटीएमकडे वळले.

निघताना बँकेतल्या बाईंनी पढवलं होतं. तिथलं यंत्र विचारेल, तुमच्या देशाच्या पैशात हिशोब करून देऊ का? गोड बोलेल, पण त्याचा दर महाग. नकार द्यायचा, मग आपल्या बँकेचा दर लागतो, तो स्वस्त.

पाऊण वाजला होता. मिस्त्रींनी सहाशेचा आकडा टाकला. पडद्यावर आपल्या रुपयांतली रक्कम उमटली. त्याखाली हिरवा 'स्वीकार' आणि लाल 'नकार'. बाईंचं बोलणं आठवत होतं, पण बोट ऐकेना. लिफ्टमध्ये लाल म्हणजे सगळं जागच्या जागी ठप्प, माणसं आत अडकली. लालकडे उगाच हात नेला म्हणून त्यांनी किती मदतनिसांच्या मनगटावर फटके दिले होते. बोट आपसूक हिरव्यावर पडलं.

'शिल्लक अपुरी.' कार्ड बाहेर आलं.

मागे रांग लागली होती. कुणीतरी खाकरलं. मिस्त्रींनी घाम पुसत लेकीला फोन लावला आणि पडद्यावरचं वाचून दाखवलं.

"हिरवं दाबलंत ना?" तिने विचारलं.

"सवय गं. लाल दाबलं आणि कार्ड गिळलं तर?"

"बाबा, ती लिफ्ट नाहीये. आत कुणी अडकलेलं नाही."

"अडकलोय की, आपण दोघं."

"दाबा. बारा मिनिटं उरलीत, आणि घरमालकीणबाई सारखं घड्याळ बघतायत."

त्यांनी पुन्हा कार्ड घातलं, आकडा टाकला आणि श्वास रोखून लाल दाबलं. पडदा काळा झाला. एक, दोन, तीन, चार. मिस्त्रींचा जीव टांगणीला लागला. मग यंत्राच्या पोटात चाकं फिरली आणि नोटांची फडफड ऐकू आली.

ते तीन मजले धापा टाकत चढले तेव्हा एकला चार मिनिटं होती. घरमालकिणीने नोटा दोनदा मोजल्या आणि किल्ली लेकीच्या हातात ठेवली.

जिन्यातली मुलगी उठली. तिला बॅग उचलवेना. मिस्त्रींनी ती तिच्या हातून घेतली आणि खाली रस्त्यापर्यंत नेऊन दिली. तोडक्यामोडक्या इंग्रजीत तिला एवढंच सांगितलं, की दुसरी खोली मिळाली तर नोटा त्या कोपऱ्यावरच्या दुकानात बदलू नकोस.