मलमाची नोंद

मी आज जो काही आहे तो माझ्या सरांमुळे. तालुक्याच्या कॉलेजात ते रसायनशास्त्र शिकवायचे. आमच्या घरात माझ्याआधी कोणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं. वडील जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलायचे, आणि बी.एस्सी. झाल्यावर मी तिथेच वजनकाट्यावर लागायचं असं ठरलं होतं. सर सायकलवरून घरी आले, बिनदुधाचा चहा प्यायले आणि वडिलांना म्हणाले, "दोन वर्षं हा मुलगा मला द्या." एम.एस्सी.चा फॉर्म त्यांनीच भरला. पुण्याला मुलाखतीला गेलो तेव्हा पायात त्यांचे बूट होते, पुढे कापूस कोंबलेले. निवृत्तीनंतर ते एका सल्लागार कंपनीचे अहवाल पुण्यात बसून तपासू लागले, आणि त्यांच्याच शब्दावर मला त्या कंपनीच्या बहारीनच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली. तिथल्या माहूज भागात फ्लॅट घेतला, बायको-मुलीचा व्हिसा झाला, तेव्हा पहिला फोन सरांना केला होता.

आमचं रोजचं काम म्हणजे समुद्राचं गोडं केलेलं पाणी आणि सांडपाणी तपासणं. गेल्या वर्षी मात्र कोरड्या बर्फात गच्च भरलेले खोके आले. दक्षिण ध्रुवाकडे प्रवासी नेणाऱ्या एका जहाज कंपनीला आपल्या सांडपाण्याची तपासणी करून हवी होती. बाहेर डांबर वितळेल असं ऊन, आणि आम्ही हातमोजे घालून हिमनगांशेजारचं पाणी उघडत होतो. मुलीला सांगितलं तर ती म्हणाली, "बाबा, पेंग्विन्स टेक टॅब्लेट्स?"

पेंग्विन घेत नाहीत, प्रवासी घेतात. अशा सफरींना बहुतेक उतारवयातली माणसं जातात. कोणाचे गुडघे दुखतात, कोणाची कंबर. त्यांच्या गोळ्या आणि मलमं अंगातून, अंगावरून जहाजाच्या टाकीत उतरतात. तिथलं यंत्र जंतू मारतं, औषधं मात्र बरीचशी तशीच समुद्रात जातात. त्या थंडीत ती विरायलाही फार वेळ लागतो. जहाज जिथे नांगर टाकतं त्या खाडीच्या पाण्यात आम्हाला डायक्लोफेनॅक सापडलं. सांधेदुखीच्या गोळ्यांत आणि मलमांत असतं, तेच. मी अहवालात उपाय लिहिला: मोठी टाकी बसवावी, सांडपाणी त्या समुद्रात न सोडता बंदरापर्यंत परत आणावं. हा अहवाल परवानगी देणाऱ्या कार्यालयात जाणार होता. तो मान्य झाला असता तर जहाज कंपनीला पुढच्या मोसमाआधी टाकी बसवावी लागली असती. माझ्या शिक्षणाचा पृथ्वीच्या त्या टोकाला उपयोग होतोय, याचा मला खरंच अभिमान वाटत होता.

आता मलमाचं सांगतो. इतक्या सूक्ष्म प्रमाणात औषध शोधायचं तर शोधणाऱ्याच्या अंगावरचं औषधही नमुन्यात उतरू शकतं. म्हणून आमच्या दाराशी एक वही असते. आज कोणती गोळी घेतली, काय लावलं, हे प्रत्येकाने आत जाण्याआधी लिहायचं. बरेचजण नुसतीच सही करतात. मी लिहितो. आपल्या विरोधात जाणारी गोष्टही लिहून ठेवायची, ही सवय सरांनीच लावलेली. खाडीचे नमुने उघडायच्या दिवशी सकाळी मी इमारतीच्या जिन्यात घसरलो आणि गुडघ्याला बायकोचं मलम चोळून आलो. वहीत दोन ओळी लिहिल्या. पहिली: उजव्या गुडघ्याला दुखण्याचं मलम लावलं आहे. दुसरी: म्हणून आज प्रयोगशाळेत गेलो नाही, खाडीचे नमुने ताईंकडे दिले.

ताई म्हणजे वसईच्या, आमच्यातल्या सर्वांत जुन्या तंत्रज्ञ. त्या दिवशी सगळं काम त्यांनी केलं. सोबत शुद्ध पाण्याचा कोरा नमुनाही तपासला, आणि तो स्वच्छ निघाला, म्हणजे औषध प्रयोगशाळेतून आलेलं नव्हतं. मी दिवसभर वरच्या मजल्यावर कागद लावत बसलो होतो.

अहवाल सरांकडे गेला. तीन आठवड्यांनी अंतिम प्रत आली ती ताईंनीच आधी उघडली. "मास्तर, इकडे ये," त्या मला म्हणाल्या. "तू गुडघ्याला मलम लावलंस आणि आख्ख्या दक्षिण ध्रुवाचे सांधे बरे केलेस!"

मला वाटलं नेहमीची थट्टा. त्यांनी पान दाखवलं. खाडीतलं डायक्लोफेनॅक मुख्य तक्त्यातून काढलं होतं, टाकीचा उपाय गाळला होता. कारण दिलं होतं: विश्लेषकाच्या अंगावरील औषधामुळे नमुना दूषित झाल्याची शक्यता. विश्लेषक म्हणून नाव माझं. पुराव्याला वहीच्या पानाचा फोटो, माझ्याच अक्षरातला. त्यात पहिली ओळ होती. दुसरी कापली होती. कोऱ्या नमुन्याचा कुठे उल्लेखच नव्हता.

"पानाचा फोटो कोणी पाठवला त्यांना?" ताईंनी विचारलं.

मीच पाठवला होता. सरांनी सहज मागितलं होतं, "वहीची पानं धाड रे," आणि मी पूर्ण पान पाठवलं होतं.

मॅनेजरांकडे गेलो. "खलास, रिपोर्ट गेला," ते म्हणाले. "नमुने पण संपले. आता काय, नवीन समुद्र आणणार?"

सरांना फोन लावला. त्यांनी आधी मुलीच्या शाळेची चौकशी केली.

"सर, ती दुसरी ओळ..."

"कुठली रे?"

"मी आत गेलो नव्हतो ती."

"हे बघ बाळा, त्यांना पुढच्या मोसमाची परवानगी हवी आहे. टाकी काय, पुढेमागे बसवतील. मी तुला निष्काळजी म्हटलंय, खोटारडा नाही म्हटलं. एवढ्याने कोणाची नोकरी जात नाही." मग आवाज उजळला. "आणि ऐक, पुढच्या मोसमात मला जहाजावर बोलावलंय. पाहुणा म्हणून! आयुष्यभर बर्फ बीकरमध्येच पाहिला रे मी."

मी म्हणालो, "छान, सर." खरंच म्हणालो. फोन ठेवल्यावर मला स्वतःची शिसारी आली.

शनिवारी बायकोबरोबर बुदैयाच्या शेतबाजारात भाजी घेताना मी तिला सगळं सांगितलं. तिने मेथीची जुडी खाली ठेवली आणि विचारलं, "समोर दुसरं कोणी असतं तर तू गप्प बसला असतास?" सोमवारी मी कागद पाठवले. मंगळवारी सरांना हे पत्र लिहिलं.

आदरणीय सर,

साष्टांग नमस्कार.

वहीचं पूर्ण पान, कोऱ्या नमुन्याचा निकाल आणि ताईंच्या सहीची कामाची नोंद मी काल जहाज कंपनीला पाठवली. ज्या कार्यालयात तो अहवाल माझ्या नावानिशी गेला, तिथेही पाठवली. मॅनेजरांना आधी सांगितलं होतं. ते फार चिडले आहेत. नोकरी राहील की नाही, माहीत नाही. तुमच्याविषयी मी एक शब्दही लिहिलेला नाही, पण अहवालातलं पान आणि हे पूर्ण पान शेजारी ठेवलं की कोणालाही कळेल. हे समजून-उमजूनच पाठवलं आहे. तुम्हाला ते दुसऱ्या कोणाकडून कळू नये म्हणून लिहितो आहे.

मला निष्काळजी म्हटलंत, ते मी सोसलं असतं. पण रोज रात्री एकच विचार येतो. त्या दिवशी काम ताईंनी केलं होतं. त्यांच्यावर ठपका ठेवला असता तर त्या भांडल्या असत्या. मी भांडणार नाही, हे तुम्हाला ठाऊक होतं. तुमचे माझ्यावर एवढे उपकार आहेत, म्हणूनच तुम्ही मला निवडलंत. ते उपकार मी आजही मानतो, आणि त्यामुळेच हे जास्त लागलं.

मी लिहिलं त्यात चूक असेल तर दाखवा, मी सर्वांची माफी मागेन. पण कृपा करून फोन करू नका. तुमचा आवाज ऐकला की मी पुन्हा "छान, सर" म्हणेन. जे सांगायचं ते लिहून पाठवा.

आपला विद्यार्थी