पिंजारी चाचांचं पंख

आमच्या आळीतल्या पिंजारी चाचांच्या भुवयांवर बारा म्हयनं कापूस असायचा, जसं काय जन्मालाच तसं आलं. तार टुंग टुंग वाजायची, कापूस ढगावानी वर उठायचा, आन् चाचा हात थांबवून बगत बसायचे. "बग पोरी, पिंजला की ह्यो उडतोय. मग माणसाचंच काय अडलंय?"

तवा मालक लढाईवर, घरात मी आन् माजी तान्ही. तार वाजली की तान्ही झोपायची, म्हणून मी त्यांच्याच ओट्यावर बसायची. बसल्या बसल्या मलाबी हलकं हलकं वाटायचं.

पंख माज्या डोळ्यांदेखत झालं. बांबूच्या कामट्या, जुन्या धोतरांची खोळ, आत पिंजलेला कापूस, वर गादीला घालत्यात तसं टाकं. उचलून बगायचे, जड लागलं की म्हणायचे, "आनखी थोडा कापूस भरू, हलकं व्हईल."

शेजारीण चेष्टा करायची, "आवं चाचा, वर गेल्यावर हिच्या मालकाची खुशाली इचारून या!"

"इचारतो की. उतरायचं कसं, तेवढं बसवायचं ऱ्हायलंय."

लिंबावरनं एक पंख सोडून बगितला, तर धपकन म्हशीवर पडला. म्हस उधळली. चाचा म्हणले, "म्हस आडवी आली." सगळी हसली, मी मात्र त्यो पंख उचलून बगितला, लय जड हुता.

आन् एक दिवस सकाळी वरडा झाला, चाचा पंख बांधून नदीच्या दरडीवर गेल्यात! खाली नुसतं खडक. मी तान्हीला उचललं आन् पळत सुटले, पायात काय न्हाई, पदर कुटं, दम पुरंना, काय सांगू म्हंजी थांबतील, काय सुचंना. वर पोचले तर चाचा कडंला हुबं, पंख वाऱ्यानं फुगल्यालं, तोंड असं उजळल्यालं की वाटलं, उडतीलच. घडीभर मलाच वाटलं, जाऊ द्यावं.

पर वरडले, "चाचा, तान्हीला ताप आलाय वो! हुडहुडी भरलीया, पंख उसवून दुलई करून द्या!"

दुलई झाली. पुना चाचांनी पंख शिवलं न्हाईत. गेल्या थंडीत घरात, हातरुणावर गेले. आता सांगते, तान्हीला ताप न्हवता.

दरडीवर चाचा मागं फिरले, तिच्या कपाळावर हात ठेवला. कपाळ गार हुतं, आन् ती त्यांच्याकडं बगून हसत हुती. त्यांनी लय येळ माज्याकडं बगितलं.

"व्हय गं पोरी, लय तापलीया," म्हणले, आन् पंखांच्या वाद्या सोडाया लागले.